ढगे सिस्टरचा काटा

ढगे सिस्टरबद्दल आमच्या गल्लीत कोणी चांगलं बोलत नसे. मीही बोलत नसे. आजही त्यांची आठवण आली की आधी कपाळाला आठी पडते, मग बाकीचं आठवतं.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्या गल्लीत आम्ही राहायला आलो त्या सकाळी टेम्पोतून सामान उतरत होतं. सासूबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. समोरच्या घराचं फाटक करकरलं आणि एक उंच, रुंद हाडाची, पांढऱ्या सुती साडीतली म्हातारी सरळ आमच्या अंगणात आली. नाव नाही, गाव नाही. सासूबाईंचं मनगट तिनं उचललं, घड्याळाकडे पाहत नाडी मोजली आणि खाली वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. तिथं खळगा पडला.

"हिले इतकं मीठ कोन खाऊ घालून राह्यलं?" तिनं मला विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तू सून न? नोकरीवाली दिसतं. लोणचं बंद कर हिचं."

आणि आली तशी निघून गेली. सासूबाईंचे पाय खरोखरच सुजले होते, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. यामुळं ती बाई मला आवडायला हवी होती असं कोणी म्हणेल. मला ती त्या क्षणापासून आवडेनाशी झाली.

विमल ढगे या एका मोठ्या दवाखान्याच्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, आणि गल्लीला त्या रुग्णांच्या वॉर्डासारखं वागवायच्या. पोरांचा चेंडू त्यांच्या आवारात गेला की आठवडाभर परत मिळत नसे. मिळाला की त्याला फिनाईलचा वास यायचा, कारण त्या तो धुऊन द्यायच्या. गणपतीच्या प्रसादाचं पातेलं त्या सगळ्यांसमोर नाकाला लावून हुंगायच्या. दूधवाला एकदा म्हणाला, "सिस्टर, उद्या साडेसहाच्या आसपास येतो." त्यावर त्या म्हणाल्या, "आसपास म्हंजे कोठी? आसपास तं आर्वी बी आहे." त्या माणसानं त्यांचं दूध बंद करून टाकलं.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून मला त्या 'मास्तरीणबाई' म्हणायच्या, तेही अशा सुरात की शिक्षकी पेशा सोडून द्यावासा वाटे. "मास्तरीणबाई, तुमच्या भाषेत लय अंदाज असते," असं एकदा मला ऐकवलं होतं.

त्यांच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली एक जुनी विलायती गाडी होती. गोल पाठीची, गर्द हिरवी, क्रोमच्या पट्ट्या अजून चमकणारी. पोरं तिला कासव म्हणायची. ती सिस्टरच्या वडिलांची. वडील आर्वीला एका जिनिंगचे मॅनेजर होते, आणि कापसाच्या हंगामात ती गाडी घेऊन गावोगाव फिरायचे. त्यांना दोन मुलं, मोठी विमल आणि धाकटा वसंत. वसंताला त्यांनी मिसरूड फुटायच्या आत गाडी शिकवली. विमलला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. त्या पुढं दवाखान्यात लागल्यावर अँबुलन्सच्या ड्रायव्हरकडून शिकल्या, ड्युटी संपल्यावर, दवाखान्याच्या मागच्या मैदानात.

वडील गेल्यावर गाडी कोणाची हे काही ठरलं नाही. कागद वडिलांच्याच नावावर राहिले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर गाडीत बसल्या आणि ती सरळ वर्ध्याला घेऊन आल्या. वसंतराव तेव्हापासून दर महिना-दीड महिन्यानं आर्वीहून येत, फाटकाबाहेर उभं राहून भांडत आणि परत जात. त्यांना आत बोलावलेलं मी पाहिलं नाही.

"बाबूजीची गाडी आहे ते, तुह्या एकटीची नाई!" ते रस्त्यावरून ओरडायचे.

"मंग बाबूजीले पाठव घ्यायले," सिस्टर ओट्यावरून म्हणायच्या.

मग एका उन्हाळ्यात वसंतरावांच्या मुलाचं लग्न निघालं. नवरदेव आजोबांच्या गाडीतून जाईल, असा सगळ्या नातेवाइकांनी धोशा लावला. सिस्टरनी कशी कोण जाणे, गाडी दिली. लग्न झालं. गाडी परत आली ती झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली. सिस्टर ती घेऊन बाजाराला निघाल्या आणि गल्लीच्या कोपऱ्यावरूनच परत फिरल्या. इंजिनाच्या गरमीचा काटा डाव्या खुंटीवर पडून होता. हलतच नव्हता.

सजावटवाल्यांनी डॅशबोर्डाखालून दिव्यांच्या वायरी ओढल्या होत्या. त्या गाडीचा काटा विजेवर चालणारा नव्हता. त्याच्या मागून तांब्याची केसासारखी बारीक नळी निघून इंजिनापर्यंत जायची, आणि तिच्या टोकाला पेन्सिलीएवढा पोकळ दांडा इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असायचा. त्या दांड्यात ईथर भरलेलं, पूर्वी भुलीला वापरत ते, झटकन उडणारं आणि पेटणारं. पाणी तापलं की आतल्या ईथरचा दाब वाढे, दाब नळीतून चढे आणि काटा सरके. वायरी ओढणाऱ्याच्या पक्कडीनं ती नळी चिमटून तुटली होती. ईथर उडून गेलं होतं.

त्या दिवशी सिस्टर आवारात उभ्या राहून फोनवर भावाशी जे बोलल्या ते गल्लीतल्या प्रत्येकानं ऐकलं. सगळं इथं लिहिता येणार नाही. "तुह्या पोराच्या वरातीपायी तू तिचा जीव घेतला," हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

वर्ध्याच्या मिस्त्रीकडं त्या गाडी घेऊन गेल्या तेव्हा मला बाजारात सोडायचं म्हणून मी सोबत होते. मिस्त्रीनं डोकं खाली घालून पाहिलं आणि म्हणाला, "सिस्टर, असा काटा आता भेटत नाई. निकालून टाका. गाडी गरम झाली का अंदाज येतेच न. वास येते, धूर दिसते."

मी मनातल्या मनात डोळे मिटले.

"धूर दिसला म्हंजे तुले कयलं?" सिस्टर म्हणाल्या. "पेशंट निळा पडल्यावर तू डॉक्टर बोलावशील?" आणि गाडी वळवून निघाल्या. मला बाजारात सोडायचं त्या विसरल्या. मी आठवण करून दिली नाही.

ही बातमी आर्वीला पोचलीच असावी. पुढच्या रविवारी वसंतराव आले, आणि पहिल्यांदाच भांडायला आले नव्हते. त्यांच्या हातात एक खोका होता. नागपूरहून नवा काटा आणला होता. काळी तबकडी, लाल आकडे, मागं तशीच नळी आणि दांडा. फाटकावरून त्यांनी तो पुढं केला.

"हे घे, बाई. लाव आन विषय संपव."

सिस्टरनी खोका उघडला. काटा उलटापालटा करून पाहिला. दांडा कानाशी नेऊन हलवला. मला वाटलं, आता तरी ही बाई 'बरं' म्हणेल. त्या घरात गेल्या आणि पक्कड घेऊन आल्या. नळी बोटानं मोजली, खूण केली.

"थांब, काय करून राह्यली?" वसंतराव म्हणाले.

"ह्याचा दांडा मले पायजे. तबकडी बाबूजीचीच राहीन. हा तुहा लाल आकड्यावाला तमाशा तू घेऊन जाय."

"म्या हे तुह्यासाठी घेऊन आलो, आन तू त्याचे तुकडे करतं?"

"तू तोडली, तू आणून देल्ली. हिशेब बरोबर."

वसंतराव एवढे गोरे की राग आला तर कानापासून लाल होत जायचे. फाटकाची सळई धरून ते उभे राहिले. "तुले कोनाचं काही घेता येत नाई, बाई," असं हळू आवाजात म्हणाले आणि गेले. ते ओरडले नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं.

नळी त्याच दुपारी जोडायची होती. सिस्टर आमच्या दारात आल्या आणि "हात धुऊन ये," एवढंच म्हणाल्या. मी का गेले हे मला अजून सांगता येत नाही. त्यांना नाही म्हणायचं धैर्य गल्लीत कोणाला नव्हतं, हेच खरं.

त्यांच्या मागच्या ओट्यावर, उघड्यावर, पितळी घमेल्यात बर्फ आणि खडेमीठ होतं. नव्या काट्याचा दांडा त्यात पुरायचा, म्हणजे ईथर थंड राहतं, नळी कापली तरी उडून जात नाही. तो दांडा बर्फात धरून ठेवायचं काम माझं. स्वयंपाकघरातला गॅस त्यांनी सिलिंडरपासून बंद केला, देवापुढचं निरांजन विझवलं, आणि शेजारच्या गच्चीवर विडी ओढत बसलेल्या म्हाताऱ्याला ती टाकायला लावली.

"हलवू नको," त्या म्हणाल्या आणि नळी कापली.

एक गोडसर, डोकं जड करणारा वास क्षणभर आला आणि गेला. सिस्टरचा हात थांबला. "पहिल्या नोकरीत ऑपरेशनच्या थेटरात हाच वास असे," त्या म्हणाल्या. "घरी गेली तरी केसाले राहे. बाबूजी म्हणे, दूर बस." मग जुन्या काट्याच्या नळीचं टोक, त्यावर बारीक पितळी बाही, आणि सोल्डरचा डाग द्यायची विजेवर तापणारी सळई. तांब्याच्या तारांवर त्यांनी आधी कितीतरी दिवस सराव केला असावा, कारण जोड एका दमात बसला. माझी बोटं मात्र बर्फात बधिर झाली होती. मी जागा बदलावी म्हणून हललेच असेन, तर त्यांनी माझ्याकडं न पाहता माझ्या मनगटावर चापट मारली. शाळकरी पोरीला मारतात तशी.

जोड थंड झाल्यावर, ओट्यावरचा वास गेल्याची खात्री करून, त्यांनी गॅसवर पाणी उकळायला ठेवलं आणि दांडा त्यात सोडला. तबकडी फॅरनहाइटची. काटा थरथरला, उठला, चढत चढत दोनशे बारावर येऊन उभा राहिला. उकळत्या पाण्याचा आकडा. सिस्टर त्याच्याकडं बघत राहिल्या. कौतुक, आनंद असलं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. वॉर्डातल्या बाईचा ताप पाहावा तसं पाहत होत्या. मग मला म्हणाल्या, "जाय आता." चहासुद्धा विचारला नाही.

काटा बसल्याचं कळताच वसंतरावांनी नवा पवित्रा घेतला. घरगुती जोडकामाचा काटा, तो काय खरं सांगणार? असल्या काट्यावर विसंबून ही एक दिवस इंजिन जाळून टाकेल. त्यापेक्षा गाडी आर्वीला द्यावी. फाटकावर ते भांडण चढत गेलं, आणि शेवटी सिस्टर म्हणाल्या, "मी चालवत आर्वीले आणतो. रस्त्यात बंद पडली तं तिथूनच ने. नाई पडली तं पुन्हा या फाटकावर तोंड दाखवू नको."

"भर मे महिन्यात?"

"मे महिन्यातच."

साक्षीदार हवा होता, कारण दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. शाळेला सुट्टी होती. सिस्टरचं बोट माझ्याकडं वळलं.

सकाळी निघालो तरी ऊन चढलंच होतं. सिस्टर ताठ बसून चालवत होत्या, नजर एकदा रस्त्यावर, एकदा काट्यावर. मागं वसंतरावांची पांढरी गाडी, सावलीसारखी. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. आंजी गाव मागं पडलं, आणि थोड्या वेळानं काटा चढायला लागला. एकशे नव्वद. दोनशे. इंजिनाचा आवाज नेहमीसारखा होता, वास नाही, वाफ नाही. मला तरी काही वेगळं जाणवलं नाही. सिस्टरनी एका कडुनिंबाखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

वसंतराव धावत आले. "पडली बंद!"

"पडली नाई. मी थांबवली."

"काऊन थांबवली? काय झालं हिले? हात लावून पाह्य, ठणठणीत आहे गाडी! तुहा काटाच खोटा आहे!"

"काटा खरा आहे."

"तुह्यासाठी काटाच खरा असते!" वसंतरावांचा आवाज फाटला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मीच न्याय देणार होते. "मॅडम, तुमाले सांगतो. बाबूजी आजारी होते. म्या हिले फोन केला. म्हटलं, बाई, बाबूजी बराबर नाई दिसून राह्यले, बरळून राह्यले, आत्ताच दवाखान्यात आणतो. हे म्हणे, ताप किती? म्हटलं, नव्याण्णव. हे म्हणे, नव्याण्णव म्हंजे काही नाई, सकाळी आणजो. सकाळी!" ते थांबले. "सकाळी कोनाले आणू म्या?"

रस्त्यावरून कांद्याचा ट्रक गेला. मी गाडीच्या दाराला चिकटून उभी होते. कुठं जावं हे मला कळत नव्हतं.

सिस्टर वळून भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या माणसाची काही धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाले आत जंतू पसरले तरी ताप चढत नाई. हे मी पोरींले शिकवलं होतं. वर्षानुवर्षं शिकवलं. फोनवर तू म्हणला बरळून राह्यले, तवाच मले समजाले पायजे होतं."

"मंग?"

"मंग काय? नाई समजलं."

वसंतरावांनी हे कधी ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. इतकी वर्षं फाटकावर उभं राहून ते हेच ओरडत होते बहुतेक, फक्त गाडीचं नाव घेऊन. आता उत्तर मिळालं होतं आणि त्यांना त्याचं काय करावं ते कळेना. त्यांनी तोंड फिरवलं, बाह्या सावरल्या आणि बॉनेट उघडलं.

पंख्याचा पट्टा ढिला झाला होता. बोटानं दाबला की आत जात होता. पंखा फिरत होता, पण पुरेसा नाही. आणखी थोडं अंतर गेलो असतो तर पाणी उकळून इंजिन जळालं असतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की वसंतरावांनी पट्टा दाबला, एकदा मागं वळून काट्याकडं पाहिलं, आणि स्वतःच्या गाडीतून पाना आणला. सिस्टर बाजूला उभ्या राहून सूचना देत होत्या.

"तिकडून नाई, खालून पकड."

"मले शिकवू नको. ही गाडी म्या तुह्याआधी चालवली."

"आन तुह्याच पोराच्या वरातीत तोडली."

पट्टा बसला. काटा खाली आला. आम्ही पुन्हा निघालो आणि आर्वीला पोचेपर्यंत तो एकशे ऐंशीच्या वर गेला नाही.

वसंतरावांच्या घरापुढं सिस्टरनी गाडी लावली. त्यांची भावजय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सिस्टर पाणी प्यायल्या, तांब्या परत दिला, पायरीवर पाऊल ठेवलं नाही. मग किल्ली काढून भावापुढं धरली.

"घे. गाडी चालते आता."

"म्हंजे? तू जिंकली न?"

"जिंकली म्हणूनच देऊन राह्यली. भांडून मांगत राह्यला असता तं देल्ली नसती."

"मले नको." वसंतरावांनी हात मागं घेतले. "भीक नको तुही."

"भीक कोन देऊन राह्यलं? पट्टा दर पंधरा दिवसानं पाह्यजो. पाणी विहिरीचं नको टाकजो, त्यात क्षार असते."

"म्या म्हटलं न, नको!"

किल्ली सिस्टरनी बॉनेटवर ठेवली आणि चालू लागल्या. वसंतराव तिथंच उभे राहिले, तेही ती उचलेनात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती किल्ली तशीच पडली होती. भावजय तांब्या धरून आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. मी सिस्टरच्या मागं आगारापर्यंत गेले. वर्ध्याच्या एसटीत त्यांनी खिडकीची जागा धरली आणि मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, हे गल्लीत सांगत फिरू नको." मग डोळे मिटून घेतले. झोपल्या नव्हत्या, कारण कंडक्टरनं सुटे नाहीत म्हटल्यावर डोळे न उघडता त्याला चांगलं झापलं.

गल्लीत सांगितलं मी अर्थातच. पण कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. शेड रिकामी राहिली. सिस्टर काही मवाळ झाल्या नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांनी माझ्या नवऱ्याशी गटारीवरून असं भांडण काढलं की आमची बोलचाल बंद झाली. पुढं माझी बदली हिंगणघाटला झाली. निघताना त्यांच्या घरी गेले नाही. त्याही आल्या नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका उन्हाळ्यात, वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर, थांबलेल्या बसच्या खिडकीतून. रस्त्याकडेला रसवंती होती आणि तिच्यापुढं ती हिरवी गाडी. एका बाकावर सिस्टर, दुसऱ्या बाकावर वसंतराव, पाठीला पाठ करून. सिस्टर रसवाल्याला बर्फाबद्दल काहीतरी सुनावत होत्या. बर्फाचा गोणपाट त्यांनी दोन बोटांनी उचलून धरला होता. वसंतराव समोर पाहत, ग्लास तोंडाला लावून म्हणाले, ते मला खिडकीतून ऐकू आलं, "पी न मुकाट्यानं. मरत नाई त्यानं कोनी."

"तुले काय मालूम," सिस्टर म्हणाल्या.

मग दोघंही उठले. सिस्टर थकल्या होत्या, चालताना उजवा पाय ओढत होत्या. तरी त्या तरातरा गाडीच्या उजव्या बाजूला गेल्या. वसंतरावही तिकडंच गेले. दोघांनी एकाच वेळी ड्रायव्हरच्या दाराची मूठ धरली आणि कोणी सोडेना. बस सुटली. मी मान वळवून बघत राहिले, पण मध्ये एक टेम्पो आला.